पानागार ते कॉकटेल बार : मिसळणारे आणि गाळणारे

मुंबई-गोव्यात अलीकडे मोजक्या खुर्च्यांचे छोटेखानी कॉकटेल बार निघाले आहेत. कोकम, चिंच, कढीपत्ता, मिरी असे आपल्याच स्वयंपाकघरातले जिन्नस मद्यात मिसळून तिथे नवनवी पेये दिली जातात. हा सगळा प्रकार परदेशातून आला, असा सर्वसाधारण समज आहे. ‘कॉकटेल’ हा शब्द बाहेरचा, हे खरेच. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क ही त्याची छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात १८०६ साली आली. मिसळण्याची कला मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले. अभ्यासक तिथे शिल्पे पाहायला जातात. ज्या राजवटीत अशी मंदिरे उभी राहिली, तिचे खाणेपिणे कसे होते, हे सांगणारा ग्रंथही उपलब्ध आहे. याच घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ साधारण ११२९ चा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. त्यातल्या अन्नभोगाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. पानीयभोगाकडे आणि मदिरापानक्रीडेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पाणी सुगंधित कसे करावे, फळांची पानके कशी करावीत, हे तिथे आहे. आणि राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांच्या मद्यपानाचा खासगी सोहळाही आहे. बैठक लहान, माणसे निवडक आणि पेये नाना परींची. ती गाळणाऱ्याचे नाव मात्र ग्रंथात नाही.

राजवाड्याबाहेरच्या माणसाची सोय पाहायची तर आणखी मागे, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जावे लागते. दुसऱ्या अधिकरणातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात पानागाराचे वर्णन आहे. त्यात अनेक खोल्या असाव्यात, बसण्या-निजण्याची सोय वेगवेगळी असावी. सुगंध, फुलांच्या माळा, पाणी ठेवावे. प्रत्येक ऋतूत ती जागा सुखाची वाटावी. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू असे मद्याचे प्रकार दिले आहेत. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी. आंब्याचा रस घातलेली सुराही आहे. आजच्या कुठल्याही बारच्या यादीत शोभावी अशी ही पाककृती. शेजारीच सरकारी हेर बसवलेला आहे. गिऱ्हाईक ऐपतीपेक्षा जास्त खर्च करते का, यावर त्याने नजर ठेवायची. म्हणजे मद्याबरोबर महसूल आणि पाळतही तेव्हापासूनच आली.

तिसरा पुरावा किनाऱ्यावरचा. ‘पंच’ या पेयाचा उल्लेख ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ च्या पत्रात सापडतो. म्हणजे कॉकटेलच्या व्याख्येआधी पावणेदोनशे वर्षे. १६७० च्या दशकात इकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर या नावाचा संबंध ‘पाच’ या आकड्याशी जोडतो, कारण त्यात पाच जिन्नस पडत. काही अभ्यासक ते पिपाच्या इंग्रजी नावावरून आले असे मानतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी फ्रायरची दुसरी नोंद महत्त्वाची आहे. या पंचासाठी लागणारी उत्तम दारू गोव्याकडच्या नेरुलची, असे तो सांगतो. पेय इंग्रजांच्या नावे जगभर गेले. नेरुलच्या भट्टीवर कोण बसत होते, हे कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे तर गाळणाराच गुन्हेगार ठरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडीत निघाल्या आणि ताडी-माडीच्या झाडांवरचा कर भंडाऱ्यांना जड झाला. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे फुले साठवण्यावरही बंधने आली. धर्मापुरी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथेही अबकारी हे तिजोरी भरण्याचे मोठे साधन होते. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि ‘परमिट’ हा शब्द बारच्या पाटीवर कायमचा बसला.

इथे दारूचे गोडवे गायचे नाहीत. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. दारूपायी संसार उघड्यावर येतात, हे त्यांना दिसत होते आणि आजही ते खोटे नाही. पण व्यसनाला विरोध करणे वेगळे आणि एका कारागिरीची नोंदच न ठेवणे वेगळे. पहिल्यामुळे माणसे वाचतात. दुसऱ्यामुळे कोणीच वाचत नाही, फक्त विद्या बुडते.

गोव्याने थोडी वेगळी वाट धरली. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे निदान जागेचे नाव कागदावर आले. माणसांची नावे अजून यायची आहेत. नव्या बारमध्ये पेय मिसळणाऱ्याचे नाव यादीवर छापले जाते, ते योग्यच आहे. पण माडावर चढणारा रेंदेर, शिंदी उतरवणारा, मोहाची फुले वेचणारी बाई यांच्या आठवणी सांगणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. सोमेश्वराच्या ग्रंथात राहिलेली रिकामी जागा आपल्याला भरता येणार नाही. आपल्या काळातली मात्र भरता येईल. त्यासाठी आज गावात जाऊन विचारले पाहिजे.