भारांकन (सर्वेक्षणातील)

नमुना सर्वेक्षणातील प्रत्येक उत्तरामागे मूळ समष्टीतील किती कुटुंबे वा व्यक्ती आहेत, हे दाखवणारी संख्या त्या उत्तराला देण्याची पद्धत. या संख्येस भार किंवा भारांक म्हणतात. निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्त हा मूळ भार होय. शंभरातून एक घर निवडल्यास त्याचा भार १००.

पुण्यातील नमुना सर्वेक्षणाची परंपरा : १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे अहवाल १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत निघाले. फेरपाहणीचा ग्रंथ १९५६ मध्ये आला. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा नमुना सर्वेक्षणाच्या सिद्धांतावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ चा.

उदाहरण : एका शहरात १,००,००० कुटुंबे असून त्यांपैकी २५,००० झोपडपट्टीत राहतात असे समजू. झोपडपट्टी व इतर वस्ती या दोन्ही स्तरांतून ५००-५०० कुटुंबे निवडली, तर भार अनुक्रमे ५० व १५० येतात. घरात नळ असण्याचे प्रमाण झोपडपट्टीत ४०% आणि इतरत्र ८०% असल्यास साधी सरासरी ६०%, तर भारित सरासरी ७०% येते. शहराचा खरा अंदाज दुसरा. भार असमान झाले की अचूकतेत मात्र घट होते : सांख्यिकीतज्ज्ञ लेस्ली किश यांच्या सूत्राने या १,००० कुटुंबांचा परिणामकारक नमुना ८०० च भरतो.

संगणकीय वापर : एसपीएसएस या सांख्यिकी संगणक प्रणालीतील ‘वेट केसेस’ ही आज्ञा भाराला वारंवारता समजते. वरील नमुना तसाच दिल्यास प्रणालीच्या लेखी १,००० नव्हे, १,००,००० कुटुंबांना विचारले गेले. टक्केवारी बरोबर येते, पण प्रमाण त्रुटी सुमारे दहापट लहान दिसते आणि नगण्य फरकही लक्षणीय ठरतात. म्हणून एसपीएसएसचा ‘कॉम्प्लेक्स सॅम्पल्स’ विभाग, स्टाटातील ‘एसव्हीवायसेट’ किंवा ‘आर’मधील ‘सर्व्हे’ संच वापरून भाराबरोबर स्तर व समूहही सांगावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीसंचात भार दशांशचिन्हाविना साठवलेले असतात. ते आधी १०,००,००० ने भागून घेतात.

समायोजन : काही कुटुंबे प्रतिसाद देत नाहीत, काही घरांना कुलूप असते. म्हणून वय, लिंग इत्यादींच्या ज्ञात बेरजांशी जुळतील असे भार पुन्हा बदलतात. या बेरजा सहसा जनगणनेतून घेतात. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती. पुढे २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली आणि त्यांतील फुरसुंगी व उरुळी देवाची नंतर वगळली गेली. त्यामुळे आजच्या नमुन्याचे भार २०११ च्या आकड्याशी जुळवल्यास हद्दीबाहेरून आलेल्या वस्त्यांचा वाटा चुकतो. भारांकनाने नमुन्यातील ज्ञात असमतोल दूर होतो. जी वस्ती नमुना-यादीतच नाही, तिची उणीव त्याने भरून निघत नाही.