प्राणायामाने चपळता वाढते का? प्रश्न मोजपट्टीवर आणणारा योगी

१/ मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने धावतो, हे मोजता येणार नाही, असे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर मानत. १८५० मध्ये त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजून दाखवला. पुढे डोंडर्सने माणसाचा प्रतिक्रियाकाल, म्हणजे इशारा मिळाल्यापासून हालचाल होईपर्यंतचा अवधी, अभ्यासाचा विषय केला.

२/ प्रयोगशाळेची हीच शिस्त योगाला लावणारा माणूस मराठी होता. जगन्नाथ गणेश गुणे बडोद्यात राजरत्न माणिकरावांच्या तालमीत घडले, माधवदासजींकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद झाले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

३/ त्यांची साधने होती क्ष-किरण आणि पाऱ्याचा दाबमापक. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

४/ त्याहून मोलाचा त्यांचा नकार. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, ही लाडकी समजूत त्यांनी प्रयोगाअंती अमान्य केली. प्राणायामाचे खरे मोल ते मज्जासंस्थेवरील परिणामात शोधत राहिले.

५/ हा धागा पुढे पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत दिसतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ विद्यार्थ्यांनी १२ आठवडे योगाभ्यास केला. प्रकाशाच्या इशाऱ्याला प्रतिसाद देण्याचा त्यांचा सरासरी काळ २७० मिलीसेकंदांवरून सुमारे २२५ वर आला; ध्वनीच्या बाबतीत १९४ वरून सुमारे १५७ वर.

६/ मग सिद्ध झाले? थांबा. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली, तर नुसत्या सरावानेही हात चपळ होतो. म्हणून योग न करणारा, पण तितक्याच चाचण्या देणारा दुसरा गट शेजारी हवाच.

७/ परभणीच्या कृषी विद्यापीठातील वसतिगृहातही हे करून पाहता येईल. मित्राने न सांगता सोडलेली पट्टी चिमटीत पकडा. १५ सेंटिमीटरवर पकडली, तर प्रतिक्रियाकाल सुमारे ०.१७५ सेकंद, २० वर, तर ०.२०.

८/ गट मात्र दोन करा, आणि कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. उत्तर मनाजोगते आले नाही, तरी वहीत तसेच लिहा. कुवलयानंदांनी प्राणवायूच्या बाबतीत नेमके तेच केले होते.