थडग्यांच्या भिंतींवरची राबणारी माणसे

प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील उत्थित शिल्पांवर कौतुकाने लिहिणारे अनेकजण देव, राजे आणि मरणोत्तर जीवन यांपाशीच थांबतात. मला प्रश्न पडतो तो वेगळा. या भिंतींवर जी असंख्य माणसे नांगरतात, मळणी करतात, ओझी वाहतात, ती तिथे कशासाठी कोरली गेली?

सक्कारा येथील मेरेरुकाचे थडगे घ्या. इ. स. पू. २३००च्या सुमारास तेती राजाचा हा वजीर. त्याच्या थडग्यात तीसहून अधिक दालने आहेत. मालकाची आकृती प्रचंड. तिच्यापुढे राबणारी माणसे एकावर एक अशा पट्ट्यांत, बोटभर. एका भिंतीवर थकलेल्या वसुलीसाठी गावांचे मुखिये लेखनिकांपुढे वाकवून आणले आहेत. एकाला खांबाला बांधून मारीत आहेत. स्वतःच्या थडग्यात असले दृश्य कोण कोरून घेईल? पण भिंतीवर जे कोरले ते मृतासाठी अखंड चालू राहते, अशी ती श्रद्धा होती. म्हणजे धान्य, गुरे, मासे यांच्याबरोबर वसुली आणि मारही मालकाला अनंतकाळ हवा होता! धर्माने शोषणाला इतके टिकाऊ दगडी रूप क्वचितच दिले असेल.

कोरणाऱ्यांची नावेही बहुधा मिळत नाहीत. सक्काऱ्यातच प्ताहहोतेपच्या थडग्यात निआंखप्ताह हा शिल्पी नावेत बसून पेय पिताना दिसतो, नावानिशी. पण तो शिल्प्यांचा प्रमुख होता.

यानंतर आठ-नऊ शतकांनी, इ. स. पू. पंधराव्या शतकात, एल काब येथे नगरप्रमुख पाहेरी याचे थडगे खोदले गेले. तिथे धान्य वाहणारे हमाल चक्क बोलतात. दिवसभर धान्यच वाहायचे काय, असे ते विचारतात. कोठारे भरली, राशी काठाबाहेर सांडल्या, नावा जड झाल्या, तरी घाई चालूच. आमच्या छात्या काय तांब्याच्या आहेत?

ही तक्रार पाहेरीने कोरू कशी दिली? माझ्या मते त्याने तिच्यात फक्त कोठारे भरल्याची ग्वाही ऐकली. हमालाचे गाऱ्हाणे हेही मालकाच्या वैभवाचेच वर्णन ठरले. परंतु छातीची ती उपमा कोठारात बसून सुचणारी नाही. ती ओझ्याखालच्या माणसाची आहे, आणि कुणा लेखनिकाने ती त्याच्याच तोंडून उचललेली असावी.