धरणाचे गणित आणि कोयनेची साक्ष

आसनगावच्या परिसरात मुंबईला पाणी पुरविणारी दोन धरणे आहेत. तानसा १८९२ साली पुरे झाले. भातसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. तानसाच्या काळचे गणित कागदावर मावत असे. पाण्याचा रेटा आडवा, दगडी बांधकामाचे वजन उभे. दोहोंचा मिळून भार पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात पडला, म्हणजे भिंत निर्धास्त. त्या गणितात पाणी स्थिर होते आणि जमीन निश्चल.

ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेस हादरली. भूकंपाने भोवतालच्या गावांत जवळजवळ दोनशे माणसे दगावली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या आखणीत धक्क्याचा आडवा जोर वजनाच्या पाच टक्के धरला होता. धरणातील यंत्राने त्याच्या कित्येक पट नोंदविला. धरण तगले; पण मागचा उतार जेथे बदलतो तेथे, पायापासून सुमारे ६६ मीटरवर, आडवे तडे गेले. पुढे त्यास मागून टेकू देऊन बळकटी आणली.

भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून संगणकावर हिशेब करण्याची 'फायनाइट एलिमेंट' पद्धत तेव्हा नवी होती. १९७३ साली चोप्रा व चक्रवर्ती ह्यांनी तिने कोयनेचा हिशेब केला. सर्वाधिक ताण त्याच मानेशी निघाला. तेव्हापासून नव्या पद्धतींची परीक्षा कोयनेवर घेण्याचा प्रघात पडला.

उत्तर चुकले, तर दोष बहुधा यंत्रात नसून पाणी मांडण्यात असतो, असे आम्हांस वाटते. म्हणून तपासणी पायरीपायरीने करावी. प्रथम जलाशय रिकामा धरून भिंतीचे आंदोलन पाहावे. मग स्थिर पाणी भरावे: भूकंपावेळची खोली ९१.७५ मीटर, तेव्हा दर मीटर लांबीस रेटा सुमारे ४,२०० टन यावयास हवा. तो न आल्यास पुढे जाणे व्यर्थ. नंतर धक्का द्यावा. वेस्टरगार्ड ह्यांनी १९३३ साली हलत्या पाण्याऐवजी भिंतीस चिकटलेले काल्पनिक वस्तुमान सुचविले. कोयनेच्या तळाशी ते ८० मीटर जाडीच्या पाण्याएवढे होते. ते भिंतीला काटकोनातच लावावयाचे. उभ्या दिशेसही लावले, की आंदोलनाचा काळ खोटा निघतो. पाणीच तुकड्यांत मांडले असेल, तर जलाशयाच्या दूरच्या टोकाशी लाटेस वाट ठेवावी. नाहीतर ती परतून नसलेला दाब दाखविते. शिवाय उताराच्या तीक्ष्ण कोपऱ्यात तुकडे जितके बारीक, तितका ताण वाढतच जातो. तेथील एकट्या आकड्यावर विसंबू नये.

हा काही केवळ पंडितांचा खेळ नव्हे. १९८३ साली भातसा जलाशयाच्या परिसरातही धक्क्यांची मालिका झाली. गणित चुकल्याची किंमत गणित्यास क्वचितच मोजावी लागते. ती धरणाखालच्या गावांवर पडते. म्हणून आकड्यांना भिंतीवरच्या तड्यांची साक्ष काढावयास लावणे, हे आपले कर्तव्य होय.