शिकलगराचा तंबोरा

तलवारींना धार लावणे हा मिरजेच्या शिकलगरांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अंमल आला, तलवारी म्यानात गेल्या आणि शिकलगरांच्या चुलीपुढे प्रश्न उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगरांनी पटाशी हाती घेतली. भाऊ मोईनुद्दीन जोडीला होते. पंढरपूरकडचा भोपळा भिजवावा, कापावा, उन्हात वाळवावा. त्याला लाकडी गळा नि दांडी बसवावी. अखेर घोडीची जवारी साधावी, तेव्हा कुठे तार बोलते! शिकलगरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती दिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घरची चूल पेटती राहावी म्हणून कर्त्या पुरुषाने शोधलेली वाट साऱ्या देशाच्या गाण्याला सूर देऊन गेली.