कुत्र्याच्या रिपोर्टवर माणसाचं ‘नॉर्मल’: जनावरांचं रक्त गोठतंय का, हे तपासतात कसं?

राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर मोत्या नावाचा कुत्रा आहे. मागच्या पावसाळ्यात त्यानं चाऱ्याच्या खोलीतली उंदराच्या औषधाची वडी फोडली. आम्हाला कळलं दोन दिवसांनी, कुरतडलेलं पाकीट सापडलं तेव्हा. मोत्या मात्र मजेत होता, भाकरी खात होता, शेपूट हलवत होता. तरी जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त घेतलं आणि जवळच्या, म्हणजे माणसांच्याच, लॅबमध्ये पाठवलं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. पीटी १३ सेकंद, शेजारच्या रकान्यात ११ ते १३.५, म्हणजे नॉर्मल. मी सुटकेचा श्वास सोडला आणि डॉक्टरांना फॉरवर्ड केलं.

त्यांचा लगेच फोन आला. ‘‘अरे, हा रकाना माणसाचा आहे. शेजारच्यांच्या कुत्र्याचं रक्त घेऊ आणि त्याच मशिनवर लावू.’’ त्या धडधाकट कुत्र्याचा पीटी आला ८ सेकंद. म्हणजे मोत्याचा आकडा दीडपटीहून जास्त होता. रक्त वाहायला सुरुवात व्हायची तेवढी बाकी होती.

हा लेख त्या रकान्यामुळे लिहितोय.

पीटी आणि एपीटीटी म्हणजे काय?

जखम झाली की आधी प्लेटलेट तिथे जाऊन चिकटतात आणि तात्पुरतं बूच बसतं. मग रक्तातली प्रथिनं, ज्यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात, एकमेकांना जागं करत जातात आणि शेवटी फायब्रिनचं जाळं विणलं जातं. बूच बसत नसेल तर एक आजार, जाळं विणलं जात नसेल तर दुसरा. बाहेरून दोन्हीकडे रक्तच दिसतं, म्हणून टेस्ट लागतात.

पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, आणि एपीटीटी या जाळ्याच्या टेस्ट आहेत. रक्तातल्या प्लाझ्मात ठरावीक रसायन टाकायचं आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. जाळ्याकडे जाणारे दोन रस्ते आहेत. पीटी एक तपासतो, एपीटीटी दुसरा, आणि शेवटचा टप्पा दोघांचा सामाईक. त्यामुळे कोणती टेस्ट लांबली यावरून बिघाड कुठे आहे, याचा अंदाज येतो.

कुत्र्याचं रक्त या टेस्टमध्ये माणसापेक्षा भरभर गोठतं. त्यामुळे माणसाच्या लॅबमधला ‘नॉर्मल’ कुत्र्यासाठी धोक्याचा असू शकतो. रिपोर्टवर आयएनआर छापून आला असेल तर तोही सोडून द्या, ते गणित वॉरफरिन घेणाऱ्या माणसांसाठी केलंय. जनावरांची लॅब जवळ नसेल तर त्याच जातीच्या निरोगी प्राण्याचं रक्त सोबत लावणं, हा साधा आणि भरवशाचा उपाय.

दुसरी गडबड ट्यूबची. या टेस्टना निळ्या टोपणाची ट्यूब लागते. तिच्यात सोडियम सायट्रेट असतं, आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण चुकवून चालत नाही. कुत्रं हललं, ट्यूब अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त होतं आणि आकडा उगाच लांबतो. जांभळ्या टोपणाची ट्यूब प्लेटलेट मोजायला चालते, पीटीला नाही. नमुना काही तासांत मशिनवर जायला हवा. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवरून तो बसनं पाठवायचा म्हटलं तर अवघडच. तेव्हा प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पाठवतात.

उंदराचं औषध: आधी सेकंद वाढतात, मग रक्त येतं

ब्रोमाडायोलोनसारखी औषधं शरीराला व्हिटॅमिन के पुन्हा वापरू देत नाहीत. त्याशिवाय चार फॅक्टर तयार होत नाहीत: दोन, सात, नऊ आणि दहा. त्यात सात नंबरचा सगळ्यात लवकर संपतो, आणि पीटी त्याच्यावरच चालतो. म्हणून औषध खाल्ल्याबरोबर पीटी काढला तर तो चांगलाच येणार, त्यावर खूश होऊ नका. साधारण दीड-दोन दिवसांनी तो लांबायला लागतो, आणि रक्तस्राव बहुतेक त्याच्यानंतर दिसतो. तेवढीच काय ती संधी.

मोत्याला चार आठवडे व्हिटॅमिन के-१ दिलं. के-३ त्याच्या जागी चालत नाही. गोळ्या बंद केल्यावर ४८ तासांनी परत पीटी काढला, कारण हे विष यकृतात आठवडेच्या आठवडे टिकतं. ८ सेकंद आला.

एक मात्र बघा. आपल्याकडे उसात आणि गोदामात झिंक फॉस्फाइडही वापरतात. ते वेगळ्याच पद्धतीनं मारतं, पोटात विषारी वायू तयार करून. तिथे पीटी बघत बसण्यात अर्थ नाही. पाकिटाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, घटकांची नावं वाचता येतील असा.

गंमत म्हणजे या औषधांचं मूळ गाईंच्या आजारात आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात कुजलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्त जाऊन मरत होती. १९३३ साली एक शेतकरी न गोठलेल्या रक्तानं भरलेला कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे पोचला. त्या संशोधनातून पुढे वॉरफरिन निघालं.

घोणस, फुरसं आणि काचेची नळी

या सापांचं विष गोठण्याचे घटकच वापरून संपवतं. गाय-बैलाला दंश झाला असेल तर डॉक्टर गोठ्यातच एक तपासणी करू शकतात. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, न हलवता २० मिनिटं उभं ठेवायचं, मग तिरपं करून बघायचं. पातळच राहिलं तर धोका. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागामुळेच गोठणं सुरू होतं. साबणानं धुतलेलीही नको. सोबत निरोगी गाईचं रक्त दुसऱ्या नळीत ठेवायचं. टायमर तुमच्या मोबाइलवर लावा. पण या टेस्टसाठी डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका.

गोचीड

हिरड्यांवर, पोटावर लाल ठिपके दिसत असतील आणि पीटी चांगला असेल, तर संशय प्लेटलेटवर. कुत्र्यांत एर्लिकिया हा गोचिडातून येणारा जंतू त्या पाडतो. मशिन इथेही फसतं, कारण प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की ते त्यांना मोजत नाही. म्हणून काचपट्टीवर रक्ताचा थर पाहतात. मोठ्या भिंगाखाली एका दृश्यात सरासरी जितक्या दिसतील त्याला १५,०००नं गुणायचं, म्हणजे अंदाजे आकडा मिळतो.

होल्स्टिन आणि अकरावा फॅक्टर

नगर जिल्ह्यातल्या गोठ्यांत संकरित गाई भरपूर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’तही निम्मा वाटा होल्स्टिनचा. होल्स्टिन जातीत फॅक्टर अकराची कमतरता आनुवंशिक असू शकते. वासराची नाळ वाहत राहते, शिंगं जाळल्यावर रक्त थांबत नाही, कधी चीक गुलाबी येतो. इथे एपीटीटी लांबतो, पीटी नाही. पण दोष एकाच बाजूनं आलेला, म्हणजे वाहक, वळू या घड्याळात सापडेलच असं नाही. त्याला डीएनए टेस्टच हवी. त्या जनुकात ७६ अक्षरं जास्तीची घुसलेली असतात. पीसीआर केला की निरोगी वळूची एक पट्टी दिसते आणि वाहकाच्या दोन. आपल्याकडे वीर्य केंद्रांवरच्या वळूंसाठी ही तपासणी नियमातच आहे.

कृत्रिम रेतन करताना वीर्यकांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. कांडी फेकण्याआधी त्याचा आणि गाईच्या कानातल्या १२ अंकी टॅगचा फोटो काढून ठेवा. वासराची नाळ थांबली नाही तर डॉक्टर पहिलं तेच विचारतील.