पत्ता हरवलेला क्लब

विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. हिरवळ, पांढरे कपडे, साय घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या. वर्षातले दोन आठवडे सगळं जग नैऋत्य लंडनच्या या उपनगराकडे बघत असतं. पण उरलेले पन्नास आठवडे तिथली माणसं काय करत असतील? त्यांच्यातली बरीचशी शनिवारी दुपारी फुटबॉल बघायला जायची. ही गोष्ट त्यांच्या क्लबची आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि पेठांचे. उद्या कुणी पाटाकडील तालमीचा किंवा खंडोबा तालमीचा संघ उचलून साताऱ्याला नेला, तर त्या नावात काय उरेल हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. विम्बल्डनमध्ये हे खरंच घडलं. म्हणून हा इतिहास मला परका वाटत नाही.

सुरुवात १८८९ची. सेंट्रल स्कूल नावाच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘विम्बल्डन ओल्ड सेंट्रल्स’ नावाचा संघ काढला. स्वतःचं मैदान नव्हतं, त्यामुळे विम्बल्डन कॉमन या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या माळावर ते खेळायचे. १९१२ मध्ये प्लाउ लेन या रस्त्यावर हक्काचं मैदान मिळालं आणि क्लबला पत्ता मिळाला.

पुढची पन्नास वर्षं हा हौशी खेळाडूंचा क्लब होता. आठवडाभर नोकरी, शनिवारी सामना. १९६३ मध्ये वेम्ब्लीवर हौशी संघांच्या कपची अंतिम लढत झाली. विम्बल्डनने शेजारच्या सटन युनायटेडला ४-२ असं हरवलं. चारही गोल एडी रेनॉल्ड्सचे आणि चारही डोक्याने मारलेले! १९७५ मध्ये एफए कपात या संघाने पहिल्या श्रेणीतल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर नमवलं. मग गतविजेत्या लीड्सला त्यांच्याच घरात ०-० असं रोखलं. त्या सामन्यात पीटर लॉरिमरची पेनल्टी गोलरक्षक डिकी गायने अडवली. फेरसामना विम्बल्डनने एका गोलने गमावला, पण तोवर सगळ्या इंग्लंडला नाव कळलं होतं.

त्या काळी फुटबॉल लीगमध्ये शिरायचं तर नुसतं जिंकून भागत नसे, मतदानातून निवडून यावं लागे. १९७७ मध्ये विम्बल्डनला प्रवेश मिळाला, अर्थात सगळ्यात खालच्या पायरीवर. नऊ वर्षांत, १९८६ मध्ये, ते सर्वोच्च श्रेणीत पोहोचले. दांडगाईचा खेळ, लांब पल्ल्याचे पास आणि ड्रेसिंग रूममधल्या वात्रटपणामुळे लोक त्यांना ‘क्रेझी गँग’ म्हणू लागले. १४ मे १९८८ रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात समोर होता लीगविजेता लिव्हरपूल. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. उत्तरार्धात जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी कर्णधार आणि गोलरक्षक डेव्ह बेझंटने अडवली. या कपच्या अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. १-० असा निकाल लागला आणि कप उपनगरात आला.

इथे सिनेमा संपला असता. क्लबचा इतिहास मात्र इथून अवघड होतो.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली. तिने एकूण ९७ जणांचे जीव घेतले. त्यानंतरच्या टेलर अहवालामुळे वरच्या श्रेणीतल्या स्टेडियममध्ये प्रत्येक प्रेक्षकाला बसायला खुर्ची देणं सक्तीचं झालं. प्लाउ लेनवर बहुतेक लोक उभ्यानेच सामना बघत. मैदान बदलून घेण्याऐवजी क्लबने १९९१ मध्ये ते सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कमध्ये भाडेकरू म्हणून बस्तान हलवलं. ‘तात्पुरतं’ म्हणून गेलेला संघ बारा वर्षं तिथेच राहिला. दरम्यान १९९८ मध्ये प्लाउ लेनची जागा एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली.

ज्याला मैदान नाही तो संघ कुठेही नेता येतो, हे मालकांच्या लक्षात आलं. आधी डब्लिनचा विचार झाला. मालक बदलले आणि ऑगस्ट २००१ मध्ये जाहीर झालं की, क्लब मिल्टन कीन्सला जाणार. मिल्टन कीन्स हे १९६०च्या दशकात आखलेलं नवं शहर, विम्बल्डनपासून सुमारे ९० किलोमीटरवर. रस्ते होते, घरं होती, मोठा फुटबॉल क्लब तेवढा नव्हता.

लीगने आधी नकार दिला. प्रकरण लवादाकडे आणि शेवटी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तिघांच्या आयोगाकडे गेलं. २८ मे २००२ रोजी २ विरुद्ध १ मतांनी स्थलांतराला परवानगी मिळाली. विम्बल्डनमध्येच नव्याने क्लब उभा करणं ‘फुटबॉलच्या व्यापक हिताचं’ नाही, असंही आयोगाने म्हटलं.

या निकालाकडे थंड डोक्याने बघितलं तर त्याचं म्हणणं कळतं. कायद्याच्या नजरेत क्लब म्हणजे कंपनी. तिच्याकडे लीगमधली जागा असते, खेळाडूंचे करार असतात, कर्ज असतं. कंपनी पत्ता बदलू शकते. प्रेक्षक हे तिचं गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक नवीन मिळतं. विम्बल्डनच्या लोकांचा प्रश्न वेगळा होता. शंभरहून अधिक वर्षं एका उपनगराने जे जमवलं, ते कंपनीच्या कुठल्या रकान्यात लिहिलंय?

उत्तर त्यांनी कोर्टात शोधलं नाही. काही आठवड्यांत समर्थकांनी ‘एएफसी विम्बल्डन’ नावाचा नवा क्लब स्थापन केला. खेळाडू नव्हते म्हणून २९ जूनला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे १८८९ची पोरं खेळायची त्याच माळावर, खुली निवड चाचणी ठेवली. २३० जण आले. १० जुलैला सटन युनायटेडशी पहिला सामना झाला. ४-० असा सपाटून मार खाल्ला. बघायला मात्र ४,६५७ लोक होते.

नव्या क्लबला जागा मिळाली ती नवव्या श्रेणीत, कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये. तिथल्या सामन्यांना एरवी शंभर-दोनशे माणसं जमली तरी खूप. एएफसी विम्बल्डनच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजार यायची. सेलहर्स्ट पार्कमध्ये अजून खेळत असलेल्या मूळ क्लबपेक्षाही जास्त. मूळ क्लब २००३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, त्याच वर्षी मिल्टन कीन्सला हलला आणि २००४ मध्ये त्याचं नाव ‘मिल्टन कीन्स डॉन्स’ झालं.

नव्या क्लबची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’कडे आली. वार्षिक वर्गणी भरणारा कुणीही सभासद आणि प्रत्येकाला एकच मत, खिशात कितीही पैसे असोत. खेळाची बाजूही भक्कम होती. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात सलग ७८ लीग सामन्यांत हा संघ हरला नाही. २१ मे २०११ रोजी ल्यूटनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. नऊ वर्षांत पाच बढत्या.

इतिहासाचाही हिशेब झाला. २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुन्या करंडकांवरचा दावा सोडला आणि ते स्थानिक मर्टन कौन्सिलकडे सोपवले. १९८८चा कप विम्बल्डनचाच, हे आता कागदावरही आलं.

मी इथे थांबलो तर गोष्ट फार सरळ होईल. एएफसी विम्बल्डन खेळायचं कुठे? शेजारच्या किंग्स्टनमधल्या किंग्समेडो मैदानावर. ते घर किंग्स्टोनियन या जुन्या उपनगरी क्लबचं. पैशांअभावी त्यांच्या हातून मैदान गेलं होतं. २००३ मध्ये विम्बल्डनच्या समर्थकांनी पैसे उभे करून त्याचा ताबा घेतला आणि किंग्स्टोनियन स्वतःच्या घरात भाडेकरू झाला. पुढे नव्या स्टेडियमसाठी पैसा हवा म्हणून किंग्समेडो चेल्सीला विकलं गेलं. २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं आणि दुसऱ्यांच्या मैदानांवर आसरा शोधावा लागला. विम्बल्डनने त्यांना आर्थिक भरपाई दिली, हे खरं. पण बेघर होणं म्हणजे काय, हे ज्यांना सगळ्यात जास्त ठाऊक होतं त्यांच्याच व्यवहारातून हे झालं. तिकडे मिल्टन कीन्समध्ये २००४ नंतर जन्मलेल्या पोराला शाळेजवळचा संघ आवडतो, यात त्याचाही काय दोष?

विम्बल्डनची खरी परीक्षा २०१९च्या अखेरीस झाली. प्लाउ लेनवरच, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, कुत्र्यांच्या शर्यतींच्या बंद पडलेल्या स्टेडियमच्या जागी नवं मैदान उभं राहत होतं आणि पैसे कमी पडले. बाहेरचे गुंतवणूकदार घेण्याचा पर्याय समोर आला. त्याची किंमत म्हणजे समर्थकांचा ताबा सैल होणं. सभासद अडून बसले. त्यांनी क्लबचे रोखे काढले आणि समर्थकांकडूनच ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली.

३ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या प्लाउ लेनवर पहिला सामना झाला. डॉनकास्टरशी २-२ बरोबरी. २९ वर्षांनी क्लब आपल्या रस्त्यावर परतला होता, पण स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते. कोविडचा काळ होता. त्यांच्यापैकी अनेक जण त्या वर्षी क्लबच्या आधाराने उभ्या राहिलेल्या मदत गटातून गरजू घरांपर्यंत धान्य-भाजी पोहोचवत होते.

जुन्या मैदानाच्या जागी आता रहिवासी इमारती आहेत. बिल्डरने त्यांना क्लबच्या जुन्या माणसांची नावं दिली आहेत, त्यात रेनॉल्ड्सचंही आहे. तिथल्या फ्लॅटचे मालक कागदोपत्री पक्के आहेत. काही मिनिटांवरच्या मैदानाचे मालक मात्र दरवर्षी वर्गणी भरून आपली मालकी नव्याने घेतात.